चाक कुठल्या बाजूला फिरवायचं

1 जून 2025 पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकून द्यायचं व्हेप विकायला बंदी आली. माझ्या ड्रॉवरमध्ये तसली चार उरली होती, ती जुलैअखेर संपली. एकोणतीस वर्षं मी सिगारेट ओढली. साताऱ्यात कॉलेजात असताना सुरू केली आणि हॅरोला येऊन संसार थाटला तरी सुटली नाही. मधल्या काळात पॅच लावले, निकोटिनचं च्युइंगम चघळलं. गेल्या वर्षी त्या फेकायच्या व्हेपवर आलो, तेव्हा कुठे पहाटेचा खोकला कमी झाला. कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेटची पाकिटं काउंटरमागे बंद कपाटात असतात, गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. पण ती तिथे आहेत हे मला दूध आणायला गेल्यावरही ठाऊक असतं. म्हणून ड्रॉवर रिकामा झाला तसा मी घाबरलो.

त्या रविवारी मेहुणा जेवायला आला होता आणि लेक कॉव्हेंट्रीहून घरी आलेली होती. मेहुणा रेल्वेच्या देखभालीत इलेक्ट्रिशियन आहे. 2012 साली त्याने व्हेपच्या आधाराने सिगारेट सोडली आणि तेरा वर्षांत पुन्हा हात लावला नाही. लेक बॅटरीच्या प्रयोगशाळेत सेल तपासते. तापवणं, दाबणं, खिळा घुसवून तो पेटतो का पाहणं, हे तिचं रोजचं काम. दोघंही वीज जाणणारे आणि दोघांनाही माझी काळजी. मी फक्त विचारलं, ‘‘आता कुठलं घेऊ?’’ त्यानंतर चार तास मामा-भाचीचं जे चाललं, त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते इथे देतो.

मामा : दाजी, चाकवालं घ्या. म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करता येईल असं. तुमचं ते फेकायचं व्हेप म्हणजे बॅटरीला थेट जोडलेली तार. बॅटरी भरलेली असते तेव्हा 4.2 व्होल्ट, उतरत आली की 3.3. सकाळी वाफ दाट आणि संध्याकाळी पातळ. माणूस संध्याकाळीच सिगारेटकडे वळतो. माझ्या पहिल्या पेनाच्या बुडाशी चाक होतं, 3.2 पासून 4.8 व्होल्टपर्यंत फिरायचं. बॅटरी कितीही उतरलेली असो, आतलं सर्किट मला हवा तेवढाच दाब द्यायचं. त्या चाकानं माझी सिगारेट सोडवली.

भाची : चाकाला माझी हरकत नाही. पण मामा, नुसता व्होल्टचा आकडा बाबांना काय सांगणार? आतली तापणारी तार, म्हणजे कॉइल, समजा एक ओहमची आहे. बारा वॅट हवे असतील तर 3.46 व्होल्ट लागतात. आता कॉइल 0.2 ओहमची घे आणि साठ वॅट मिळव. किती व्होल्ट लागतील?

(मेहुण्याने वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट, हे मलाही शाळेपासून आठवत होतं.)

मामा : तेवढेच. 3.46.

भाची : चाकावर आकडा तोच, पण एकीकडे बारा वॅट आणि दुसरीकडे साठ. पाचपट उष्णता. दुकानातला पोरगा बाबांना म्हणणार, ‘काका, साडेतीनवर ठेवा’. कुठल्या कॉइलला, हे कोण सांगणार?

मामा : म्हणून तर पुढे वॅटची यंत्रं आली. ती कॉइलचा ओहम स्वतः मोजतात, तुम्ही फक्त वॅट सांगायचे, व्होल्ट ते ठरवतात. चाकाचाच तो पुढचा अवतार. पण मला चाक समजलं म्हणून वॅट समजले. माणसाच्या हातात काहीतरी हवं, बाळ. तुझ्या त्या बंद डब्यात त्याला काहीच करता येत नाही.

‘बंद डबा’ म्हणजे लेकीने माझ्यासाठी पाहून ठेवलेला छोटा पॉड. त्याची बॅटरी आतच बसवलेली, दहाबारा वॅटचा, बटण नाही, ओढलं की सुरू होणारा. तिच्या मते मला त्याहून जास्त कशाचीच गरज नव्हती. मामाच्या मते अर्धवट ताकदीचं यंत्र हातात आलं की माणूस आठ दिवसांत परत पाकिटाकडे जातो. त्याच्या ओळखीतले तसे गेलेलेही आहेत आणि हे त्याने फार कळवळून सांगितलं.

भाची : ते ताकद कमी पडली म्हणून गेले की निकोटिन कमी पडलं म्हणून? बारा वॅटच्या यंत्रात मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमचं लिक्विड चालतं. इथल्या कायद्याने तेवढंच कमाल आहे. दिवसाला दोन मिलिलिटर धर, चाळीस मिलिग्रॅम झालं. साठ वॅटवर वीसचं ओढलंस तर डोकं गरगरेल, म्हणून तिथे तीनचं वापरतात. ते दिवसाला बारा मिलिलिटर जातं. निकोटिन जवळजवळ तेवढंच, पण फुप्फुसातून सहापट द्रव वाफ होऊन जातो. शिवाय ऑक्टोबर 2026 पासून दर दहा मिलिलिटरला दोन पौंड वीस पेन्स कर लागणार आहे.

मामा : कराचं सोड. घशाला बसणारा दणका आकडेमोडीत येत नाही.

भाची : वीसच्या लिक्विडने दणका बसतो. बाबांनी वर्षभर तेच ओढलंय.

हे खरं होतं. त्या फेकायच्या व्हेपमध्ये वीसचंच लिक्विड असायचं आणि ती सगळी कमी वॅटची. माझी सिगारेट सुटली होती ती त्यांवरच, मोठ्या ढगांवर नाही. हा मुद्दा लेकीचा मला तिथेच पटला आणि तसं मी म्हणालोही.

मग तिने जरा आवाज चढवून उष्णतेचा विषय काढला. लिक्विडमध्ये मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. ते नीट उकळलं तर वाफ होते. जास्त तापलं, किंवा कॉइलमधला कापूस कोरडा पडला, तर ते तुटतं आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलीनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. जानेवारी 2015 मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी एका चाकवाल्या यंत्राची वाफ तपासली होती. 3.3 व्होल्टवर त्यांना फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगं सापडली नाहीत. 5 व्होल्टवर भरपूर सापडली.

मामा : त्या प्रयोगावर उत्तरही आलंय ना? तसल्या जुन्या टाकीला पाच व्होल्ट दिले की करपलेला झुरका येतो. ठसका लागून माणूस ते यंत्र बाजूला ठेवतो. यंत्रमानवाने ओढलं म्हणून त्याला कळलं नाही.

भाची : मान्य. करपल्यावर माणूस थांबतो. पण करपायच्या जरा आधी? तिथे चव बिघडलेली नसते आणि तापमान मात्र वर गेलेलं असतं. मामा, चाक वरच्या बाजूला फिरवायची तुझी सवय माझ्या मनाला खुपते, तुला नाही. तू दर वर्षी नवं यंत्र घेतोस आणि दर वर्षी आकडा वाढतो. 2012 ला तू नऊ वॅटवर होतास. आज?

मामा : पंचावन्न.

भाची : निकोटिन सुटलं?

मेहुणा गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘सिगारेट सुटली.’’ आणि ते उत्तर लहान नाही. इंग्लंडमध्ये 886 लोकांवर झालेला जो प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला, त्यात व्हेप घेतलेल्यांपैकी 18 टक्के वर्षभरानंतर सिगारेटमुक्त होते, तर पॅच-च्युइंगमवाल्यांपैकी 9.9 टक्के. हा आकडा लेकीनेच सांगितला, कारण ती मामाला खोटं पाडायला बसली नव्हती. पण त्याच प्रयोगातला दुसरा आकडाही तिने सांगितला. व्हेपने सिगारेट सोडलेल्यांपैकी 80 टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. मामा त्यातला एक आहे. मीही होणार असेन. सिगारेटमध्ये जळणारा तंबाखू, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतं. ते गेलं, ही माझ्या दृष्टीने आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे. पण गेलेल्याच्या जागी जे आलं ते किती आणि कुठवर, हे मलाच ठरवायचं आहे.

चहा झाल्यावर बॅटरीचा विषय निघाला आणि तिथे लेक वेगळीच माणूस झाली. मेहुण्याने खिशातून प्लॅस्टिकच्या डबीतले दोन सेल काढून टेबलावर ठेवले. 18650 जातीचे, म्हणजे अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब. नावातच माप आहे, शेवटचं शून्य गोल आकाराचं.

भाची : बाबा, ही डबी पाहिलीत? मामाने एवढं एक बरोबर केलंय.

मामा : अगं, ते अनुभवाने शिकलोय. 2014 च्या हिवाळ्यात एक जादा सेल कोटाच्या खिशात टाकला होता. त्याच खिशात घराच्या किल्ल्या. बस स्टॉपवर उभा होतो आणि मांडीला चटका बसला. आधी वाटलं चहाचा कप सांडला. हात घातला तर किल्ल्या तव्यावरून काढल्यासारख्या. कोट काढून रस्त्यावर टाकला. अस्तर जळालं, मी वाचलो.

ही गोष्ट तो पहिल्यांदाच सांगत होता. माझ्या बायकोलाही, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीलाही, ठाऊक नव्हती.

भाची : तुझा सेल फुटला नाही, इतकंच नशीब. बाबा, नीट ऐका. या सेलची पूर्ण बाहेरची नळी म्हणजे ऋण टोक आहे. वरचं टोपण धन. मध्ये एक पातळ कडी आणि वरून हे कागदासारखं प्लॅस्टिकचं वेष्टन, बस. वेष्टन वरच्या कडेला फाटलं की टोपण आणि नळी यांच्यात केसाएवढं अंतर उरतं. किल्ली, नाणं, यंत्राचा धातू, काहीही लागलं की शॉर्ट. आतला प्लॅस्टिकचा पडदा साधारण 130 अंशांना वितळायला लागतो. मग धन आणि ऋण आतूनच भेटतात आणि द्रावण पेट घेणारं असतं. आम्ही हा प्रयोग पोलादी दारामागे करतो. लोक तो तोंडापासून चार बोटांवर करतात.

मामा : चांगल्या यंत्रात तसं होत नाही. शॉर्ट झालं तर सर्किट वीज तोडतं, सेल उलटा घातला तर सुरूच होत नाही, दहा सेकंदांवर बटण आपोआप बंद.

भाची : सर्किट असलेल्या यंत्रात. फ्लोरिडात 2018 मध्ये आणि टेक्ससात 2019 मध्ये व्हेप फुटून एकेक माणूस गेला, ती यंत्रं बिनसर्किटची होती. नुसती धातूची नळी, सेल आणि बटण. 0.1 ओहमची कॉइल लावली तर 42 अँपियर वाहणार आणि थांबवणारं कुणी नाही. तसलं यंत्र या घरात येणार नाही.

मामा : ते मीही आणणार नाही. त्यावर आपलं भांडण नाही.

भांडण होतं ते सेल सुटा असावा की आतला, यावर. मेहुण्याचं म्हणणं : आत बसवलेली बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की थकते आणि मग सबंध यंत्र कचऱ्यात जातं. सरकारने फेकायची व्हेप बंद केली ती मुख्यतः याच कचऱ्यासाठी आणि मुलांसाठी. सुटा सेल थकला तर सेल बदला, यंत्र पाच वर्षं चालेल. लेकीचं म्हणणं : सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतःच सांगतात की हे सेल सुटे विकण्यासाठी नाहीत, व्हेपमध्ये घालू नका. त्यावर मेहुण्याने विचारलं, ‘‘मग तुझ्या पॉडमध्ये काय बटाटा आहे?’’ ती हसली नाही. म्हणाली, ‘‘आतला सेल कुणाच्या किल्लीला लागत नाही.’’

इथे मला दोघांचंही खरं वाटत होतं आणि ते अडचणीचं होतं. मी विचारलं, सुटा घ्यायचाच झाला तर कुठला?

मामा : सगळ्यांत जास्त एमएएचचा, म्हणजे जास्त साठ्याचा. दिवसभर पुरेल.

भाची : मुळीच नाही. तिथेच लोक फसतात. एका डब्यात जागा तेवढीच असते. आतला थर जाड केला की साठा वाढतो, पण वीज झटकन बाहेर काढता येत नाही. पातळ केला की अँपियर वाढतात, साठा घटतो. पॅनासोनिकचा एनसीआर 18650 बी घे. 3400 एमएएच, पण कंपनीची मर्यादा 4.9 अँपियरची. सॅमसंगचा 25 आर 2500 एमएएचचा, पण वीस अँपियरचा. आणि सर्किटवालं यंत्र सेलमधून किती अँपियर ओढतं, ते कॉइलवर नाही, वॅटवर ठरतं. शिवाय सेल उतरताना अँपियर वाढतात, कारण कमी दाबात तेवढीच ताकद काढायची असते. साठ वॅट, सेल उतरून 3.2 व्होल्टवर, थोडी वीज सर्किटात वाया जाते ती धर. जवळजवळ एकवीस अँपियर. म्हणजे 25 आर सुद्धा मर्यादेच्या पलीकडे. बारा वॅटला किती?

मी स्वतः हिशेब केला. जवळजवळ सव्वाचार अँपियर.

भाची : म्हणजे 30 क्यू सारखा 3000 एमएएच, पंधरा अँपियरचा सेल एकतृतीयांशाहून कमी ताकदीवर चालेल. गरम होणार नाही. मामाच्या पंचावन्न वॅटवर तोच सेल गैर आहे.

मामा : माझ्यात दोन सेल आहेत. ताकद वाटली जाते.

भाची : दोन्ही एकदम घेतलेले? एकत्रच चार्ज करतोस?

मामा : जोडी लावलीये. अंक लिहून ठेवलेत सेलवर. नवराबायको वेगळी करत नाही.

तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मामाविषयी जो विश्वास दिसला तो त्या दुपारी पहिल्यांदाच. खरं तर हीच खूण मी शोधत होतो. कुठलं यंत्र, यापेक्षा ते हाताळणारा माणूस अंक लिहून ठेवणारा आहे की नाही. मी आहे. बँकेची पासबुकं तारीखवार ठेवणारा माणूस आहे मी. म्हणून मी ठरवून टाकलं. एका सुट्या 18650 सेलचं, सर्किटवालं, वॅट दाखवणारं यंत्र आणि त्यात एक ओहमची कॉइल. लेकीने लगेच अटी घातल्या. बारा वॅटच्या वर जायचं नाही. चार्जिंग बाहेरच्या चार्जरवर, जागेपणी, एक अँपियरने. वेष्टनाला ओरखडा दिसला तर त्या दिवशी वापर बंद. जादा सेल डबीशिवाय घराबाहेर नाही. आणि दर दोन महिन्यांनी एक वॅट किंवा लिक्विडमधलं निकोटिन एक पायरी खाली.

मामा : निकोटिन आधी खाली आण आणि वॅट तेच ठेव, नाहीतर माणूस चिडचिडा होतो.

भाची : उलट करून निकोटिन घटवताना वॅट वाढवलेस ना तू? म्हणूनच पंचावन्नवर आलास.

यावर दोघांचं एकमत झालं नाही आणि माझंही अजून ठरलेलं नाही.

डिसेंबरात कऱ्हाडला पुतणीचं लग्न आहे. ते आठवून मी विचारलं, यंत्र नेता येईल का? मेहुण्याने मान हलवली. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं बंद आहे. बनवणं, आणणं किंवा विकणं याच्या पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बॅगेत टाकून नेऊ म्हणणाऱ्या लोकांवर तो वैतागला. म्हणाला, ‘‘तीन आठवडे पॅच लावा, दाजी. मीही तसंच केलं होतं. पाटणच्या घाटात गाडी थांबली की सगळे पेटवतात, तेव्हा खाली उतरू नका.’’ तिथे सिगारेट प्रत्येक टपरीवर सुटी मिळते आणि सिगारेट सोडवणारं यंत्र मात्र गुन्हा ठरतं, हे मला रुचलं नाही. लेकीला उलट वाटतं. शाळेच्या पोरांच्या दप्तरात इथे जे सापडतं ते तिने पाहिलं आहे, तिथे ते नको म्हणून बंदी ठीक, असं ती म्हणाली. या विषयावर ती आणि मी पुढेही बोलत राहू.

पुढच्या शनिवारी यंत्र आणि दोन सेल घरी आले. लेक फोनवर होती. ‘‘स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा,’’ ती म्हणाली. ‘‘खरा सेल पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस ग्रॅम भरतो. आत छोटा सेल आणि बाकी भरताड असेल तर हलका लागतो. आणि कागदावर 9000 एमएएच लिहिलं असेल तर वजनही करू नका, परत करा. या मापात साडेतीन हजारांच्या आसपास संपतं.’’

कागदावर 3000 लिहिलं होतं. मी कणकेचा डबा बाजूला सारला, काट्यावर पहिला सेल आडवा ठेवला. बायको चष्मा लावून वाकली.

‘‘सत्तेचाळीस,’’ ती म्हणाली. ‘‘दुसरा ठेवा.’’